फिल्मवरून डिजिटल एसएलआरकडे: जुन्या लेन्स, नवी बॉडी आणि हायलाइटची काळजी

निगेटिव्ह फिल्मवर हात बसलेल्या माणसाचे डिजिटल एसएलआरवरचे सुरुवातीचे फोटो बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने बिघडतात. चेहरा छान येतो, सावलीतलं सगळं दिसतं आणि मागचं आकाश मात्र पांढरं फटक पडतं. ढग गायब, पांढऱ्या शर्टाच्या घड्या गायब. कॅमेरा चांगला असतो, मीटरही बरोबर असतो. नडते ती जुनी सवय. शंका आली की अर्धा-एक स्टॉप जास्त द्यायचा, निगेटिव्ह सांभाळून घेते, हे आपल्या बोटांत मुरलेलं असतं. सेन्सर असं सांभाळून घेत नाही.

बाकी तुम्हाला येतं ते जवळजवळ सगळं तसंच्या तसं कामाला येतं. ॲपर्चर, शटर स्पीड, डेप्थ ऑफ फील्ड, प्रकाशाची दिशा, फ्रेममध्ये काय ठेवायचं आणि काय वगळायचं, यात काहीच बदललेलं नाही. भर उन्हात आयएसओ १००, एफ/१६ आणि १/१२५ आजही बरोबर बसतं. म्हणून इथे फोटोग्राफीचा श्रीगणेशा करत नाही. तुम्हाला फिल्म एसएलआर वापरता येतो असं धरून, ज्या क्रमाने प्रश्न समोर येतात त्या क्रमाने जाऊ.

बॉडी बघण्याआधी लेन्स बघा

घरात असलेल्या लेन्स बाहेर काढा आणि त्यांचा माउंट कोणता ते पक्कं करा. कुठली बॉडी घ्यायची हे बरंचसं इथेच ठरतं.

कॅननच्या ऑटोफोकस फिल्म कॅमेऱ्यांच्या, म्हणजे १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स असतील तर काम सोपं आहे. त्या कॅननच्या प्रत्येक डिजिटल एसएलआरवर बसतात आणि फोकससकट चालतात. त्या काळात इतर कंपन्यांनी याच माउंटसाठी काढलेल्या काही लेन्स मात्र डिजिटल बॉडीवर ॲपर्चर बदललं की एरर देतात, त्यामुळे आधी बॉडीवर लावून बघा. कॅननच्या त्याआधीच्या एफडी लेन्सची गोष्ट वेगळी. एफडीमध्ये माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४२ मिमी होतं, ईएफमध्ये ते ४४ मिमी आहे. लेन्स सेन्सरपासून दोन मिलिमीटर लांब राहते आणि लांबच्या वस्तूंवर फोकसच पोचत नाही. मधे काच असलेले अडॅप्टर मिळतात, पण त्यात लेन्सचा धारदारपणा जातो. जवळ एफडी किंवा मिनोल्टाच्या मॅन्युअल लेन्स भरपूर असतील आणि त्याच वापरायच्या असतील, तर डिजिटल एसएलआरऐवजी मिररलेस (आरसा नसलेली) बॉडी घेणं शहाणपणाचं. तिथे हे अंतर २० मिमी किंवा त्याहून कमी असतं, त्यामुळे साध्या पोकळ अडॅप्टरवर काम भागतं.

निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालत आला आहे, पण माउंट एक असला तरी सगळ्या लेन्स सगळीकडे चालतात असं नाही. १९७७ आधीच्या, बदल न करून घेतलेल्या लेन्स बऱ्याच बॉडींवर चढवल्या की माउंटच्या कडेची मीटरिंगची नाजूक तरफ मोडू शकते. त्या लावूच नका, आधी जाणकार कारागिराकडून रिंग कापून घ्या. त्यानंतरच्या एआय (लावलेलं ॲपर्चर बॉडीच्या मीटरला आपोआप कळवणाऱ्या) लेन्स डी३००, डी७००, डी७००० अशा बॉडींवर मीटरसकट चालतात. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींवर त्या बसतात, पण मीटर बंद राहतो. या दोन मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटरही नाही. त्यामुळे फिल्मच्या काळातल्या ज्या ऑटोफोकस लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्या इथे हातानेच फोकस कराव्या लागतात. नवशिक्याला स्वस्त म्हणून या बॉडी सुचवल्या जातात, पण जुन्या निकॉन लेन्स असलेल्या माणसाने एक पायरी वरचीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

पेंटॅक्सचा के माउंट १९७५ चा. त्यातल्या जुन्या लेन्स पेंटॅक्सच्या डिजिटल बॉडींवर बसतात. ॲपर्चर रिंगवर ‘ए’ खूण नसेल तर मेनूत जाऊन रिंग वापरायची परवानगी चालू करावी लागते आणि दर वेळी एक बटण दाबून मीटर घ्यावा लागतो. मिनोल्टाच्या ऑटोफोकस लेन्स, १९८५ पासूनच्या, सोनीच्या ए माउंट बॉडींवर चालतात.

लेन्स टॉर्चच्या उजेडात आरपार बघा. आत जाळीसारखी बुरशी दिसली तर ती नव्या बॉडीवर सुधारणार नाही. किरकोळ धूळ असेल तर तिचा काही त्रास नाही.

लेन्सच्या पेटीतच जुना फ्लॅशही असेल. तो थेट डिजिटल बॉडीवर लावू नका. काही जुन्या फ्लॅशच्या तळाशी २०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि त्याने बॉडीतलं सर्किट जळू शकतं. फ्लॅश चार्ज करून मल्टीमीटरने मधला ठिपका आणि बाजूची पट्टी यांत व्होल्टेज मोजा, आणि तुमच्या बॉडीच्या माहितीपुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून बघा. व्होल्टेज ठीक निघालं तरी जुनं टीटीएल चालणार नाही. ती पद्धत फिल्मच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड मोजायची. सेन्सरवरून उजेड तसा परतत नाही, म्हणून डिजिटल फ्लॅश आधी एक बारीक चमक टाकून हिशेब करतो. जुना फ्लॅश मॅन्युअलवर किंवा त्याच्या स्वतःच्या ऑटो मोडवर वापरा, तिथे तो उत्तम काम देतो.

बॉडी निवडताना

एक गोष्ट सरळ सांगतो. मोठ्या कंपन्यांनी आपला भर मिररलेसकडे वळवला आहे. कॅनन आणि निकॉनच्या सर्वांत वरच्या वर्गातल्या शेवटच्या एसएलआर बॉडी २०२० च्या आहेत. तरी फिल्मवरून येणाऱ्याला मी डिजिटल एसएलआर सुचवतो. तोच आरसा, तोच काचेतून दिसणारा व्ह्यूफाइंडर, त्याच लेन्स, आणि वापरलेल्या बॉडी आता भरपूर उपलब्ध आहेत. वापरलेली घेताना शटर किती वेळा उडालं आहे तो आकडा विचारा. मधल्या वर्गातल्या बॉडींचं शटर साधारण एक ते दीड लाख वेळांसाठी बनवलेलं असतं.

खरा निर्णय सेन्सरच्या आकाराचा. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमी, तुमच्या ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढाच. बहुतेक इतर बॉडींमध्ये एपीएस-सी सेन्सर असतो, साधारण २३.५ × १५.६ मिमी, कॅननचा त्याहून जरा लहान. लेन्स तीच राहते, पण ती टाकत असलेल्या चित्राचा मधलाच भाग टिपला जातो. त्यामुळे तुमची ५० मिमी निकॉनच्या एपीएस-सीवर ७५ मिमीसारखी आणि कॅननच्या एपीएस-सीवर ८० मिमीसारखी वाटते. पोर्ट्रेटला हे आवडेल. पण २८ मिमीची वाइड लेन्स ४२ मिमीची होऊन बसते, म्हणजे वाइड उरतच नाही. ज्यांचं मन २४ आणि २८ मध्ये रमतं त्यांनी फुल फ्रेमच घ्यावी. कॅननची ५डी २००५ मधली आणि निकॉनची डी७०० २००८ मधली. दोन्ही जवळपास १२ मेगापिक्सेलच्या, आणि दोन्ही आजही सुंदर फोटो देतात.

मेगापिक्सेलच्या आकड्यांनी हुरळून जायचं कारण नाही. १२ मेगापिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला साधारण १४ × ९ इंचांचा प्रिंट देते. २४ मेगापिक्सेलची २० × १३ इंचांचा. तुम्ही आजवर किती वेळा याहून मोठा प्रिंट काढला ते आठवा, उत्तर मिळेल.

बॉडीबरोबर एक जास्तीची बॅटरी घ्याच. तुमचा मेकॅनिकल कॅमेरा सेल संपल्यावरही शटर उडवायचा. डिजिटल बॉडी बॅटरी संपली की थांबते. एका मोठ्या मेमरी कार्डापेक्षा मध्यम आकाराची दोन बरी, आणि कार्ड नेहमी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको.

पहिल्या दिवशी मेनूत काय लावायचं

मेनूची पानं बघून घाबरू नका. बहुतेक पर्यायांना कधी हात लावावा लागत नाही. एवढं करा: फाइल रॉ किंवा रॉ अधिक जेपेग, कलर स्पेस एसआरजीबी, तारीख-वेळ बरोबर, फोटो काढल्यावर स्क्रीनवर हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ असा उजेडाचा आलेख) दिसेल अशी मांडणी आणि उडालेले हायलाइट, म्हणजे पांढरे फटक पडलेले उजळ भाग, लुकलुकतील अशी सूचना चालू. मोड ॲपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल.

रॉ फाइल म्हणजे तुमची निगेटिव्ह. जेपेग हा कॅमेऱ्याने आपल्या मर्जीने काढून दिलेला प्रिंट. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. डार्करूममध्ये स्वतः प्रिंट काढलेल्या माणसाला यापुढे काही पटवून द्यावं लागू नये.

व्हाइट बॅलन्स ऑटोऐवजी ‘सूर्यप्रकाश’वर ठेवून बघा. डेलाइट फिल्म ५,५०० केल्विनच्या आसपास जुळवलेली असायची, म्हणून संध्याकाळ तांबूस आणि सावली निळसर यायची. ऑटो ती तांबूस झाक पुसून टाकायला बघतो. फिल्मवरून आलेल्या डोळ्याला स्थिर ठेवलेला व्हाइट बॅलन्स जास्त ओळखीचा वाटतो, आणि रॉ असल्यामुळे तो नंतर बदलताही येतो. रंग सुधारणारे निळे-पिवळसर फिल्टर आता लागत नाहीत. पोलरायझर लागतो, कारण पाण्यावरची चमक नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाही. फक्त तो सर्क्युलर हवा. जुना लीनियर पोलरायझर ऑटोफोकस आणि मीटर या दोघांनाही गोंधळात टाकतो.

एक्सपोजर: इथे वेळ द्या

निगेटिव्हचा नियम होता की सावल्यांसाठी एक्सपोज करा आणि हायलाइट डेव्हलप करताना सांभाळा. कारण निगेटिव्हवर उजेड वाढत गेला तरी तिची घनता हळूहळू सपाट होत जाते, एकदम तुटत नाही. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूची साठवण ठरलेली असते. ती भरली की भरली, पुढचा उजेड कितीही असो, आकडा तोच येतो. तिथे काढण्यासारखं काही उरत नाही. सावलीत मात्र उलट असतं. काळं दिसणाऱ्या भागातून रॉ फाइल आश्चर्य वाटावं इतका तपशील परत देते, जरा नॉइजसकट (डिजिटल खरखरीसकट) का होईना.

म्हणून हायलाइट वाचवा आणि सावल्या नंतर उचला. ज्यांनी स्लाइड फिल्म वापरली आहे त्यांना हे नवीन नाही, त्यांनी ती शिस्त तशीच चालू ठेवावी.

पण हायलाइट वाचवायचा म्हणून सगळंच अंधारात काढायचं, असंही करू नका. सेन्सर उजेड सरळ हिशेबाने मोजतो, प्रत्येक स्टॉपला निम्मा. १६,३८४ पायऱ्यांपैकी ८,१९२ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला मिळतात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, त्याखाली २,०४८. खाली जाल तसं उरतं थोडं थोडं. दोन स्टॉप कमी काढून नंतर उजळ केलेला फोटो म्हणूनच खरखरीत दिसतो. उजळ टोकाच्या जेवढं जवळ जाता येईल तेवढं जा, पण ओलांडू नका.

हे टोक तुमच्या बॉडीवर नेमकं कुठे आहे ते एका दुपारी तपासून घ्या. पांढरं सुती कापड उन्हात दोरीवर टाका, घड्या आणि विणीचे धागे दिसतील असं. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ बॉडीतला मूळचा (१०० किंवा २००), मोड मॅन्युअल, मीटर स्पॉट (फक्त छोट्या जागेचा उजेड मोजणारा). स्पॉट कापडावर धरून मीटरचा काटा शून्यावर आणा आणि फोटो काढा. कापड राखाडी येईल, कारण मीटरला प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी करायची असते. तुमच्या जुन्या मीटरचंही हेच होतं. आता ॲपर्चर तसंच ठेवून शटर एकतृतीयांश स्टॉपने हळू करत जा, थेट अधिक चारपर्यंत. हे तेरा फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघा. कापड उजळत जाईल, पांढरं होईल, मग धागे दिसेनासे होतील, मग घड्याही. जेपेगमध्ये हे सहसा अडीच-तीन स्टॉपच्या आसपास घडतं, रॉमध्ये जरा पुढे. धागे जिथे शेवटचे स्पष्ट दिसले तो आकडा लिहून ठेवा.

समजा तो अधिक अडीच आला. आता कुठल्याही दृश्यात ज्या सर्वांत उजळ जागेत तुम्हाला तपशील हवा आहे तिथे स्पॉट धरा आणि एक्सपोजर अधिक दोनवर ठेवा. ढग, बर्फ, पांढरी भिंत, पांढरा सदरा, सगळीकडे हे चालतं. फिल्मवर झोनचा हिशेब करणाऱ्यांना तो इथे दुसऱ्या टोकाकडून सुरू करायचा आहे, एवढाच फरक. सूर्याचं बिंब, पाण्यावरची ठिणगी, क्रोमची चमक यांना मात्र जाऊ द्या. तिथे तपशील नसतोच.

हिस्टोग्राम वाचायला फारसं शिकावं लागत नाही. उजव्या भिंतीला आलेख चिकटून उंच उभा राहिला तर हायलाइट गेले. स्क्रीनवरच्या चित्रावरून एक्सपोजर ठरवू नका. उन्हात ते काळं दिसतं, रात्री भलतंच उजळ. एक खाचखळगा लक्षात ठेवा: तुम्ही फक्त रॉ काढत असलात तरी स्क्रीनवरचा हिस्टोग्राम कॅमेऱ्याने आत बनवलेल्या जेपेगचा असतो. पिक्चर स्टाइल भडक ठेवली तर तो हायलाइट गेल्याचं लवकर दाखवतो. स्टाइल न्यूट्रल ठेवा, मग तो खऱ्याच्या जवळ येतो. आणि प्रत्येक फोटोनंतर स्क्रीन बघायची गरज नाही. उजेड बदलला की एकदा बघा, मग डोळा व्ह्यूफाइंडरलाच राहू द्या.

आयएसओ आणि शटर

रोल बदलल्याशिवाय स्पीड बदलत नसे, आता प्रत्येक फ्रेमला बदलता येतो. तरीही जुन्या सवयीने लोक दिवसभर एकाच आयएसओवर चालतात आणि फोटो हलतात. नॉइज असलेला पण स्थिर फोटो वापरता येतो, हललेला येत नाही. अंधार पडला की बिनधास्त १,६०० किंवा ३,२०० वर जा आणि एक्सपोजर पुरेसं द्या.

हातात धरायच्या शटर स्पीडचा नियम थोडा कडक करा. ५० मिमीला १/६० पुरत असे. एपीएस-सीवर ती ७५ मिमी झाली आहे, शिवाय कॉम्प्युटरवर फोटो पूर्ण मोठा करून बघताना बारीक हालही दिसते. १/१२५ धरा. लांब एक्सपोजरमध्ये एक सुटका आहे: काही सेकंदांच्या पुढे फिल्म मंदावायची आणि तक्त्यावरून वेळ वाढवावी लागायची, ते इथे नाही. हिशेबाने जितके सेकंद येतात तितकेच द्या.

फोकस

जुन्या व्ह्यूफाइंडरमधली मधली दुभंगलेली गोल खूण इथे नाही, आणि एपीएस-सी बॉडींचा व्ह्यूफाइंडर लहानही वाटतो. ऑटोफोकसच्या काळातल्या पडद्यावर एफ/१.४ ची खरी उथळ डेप्थ दिसत नाही, साधारण एफ/२.८ इतकीच दिसते. त्यामुळे मॅन्युअल लेन्स उघड्या ॲपर्चरवर डोळ्याने फोकस केली तर हुकते. हलणाऱ्या विषयाला व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला फोकस जुळल्याचा ठिपका बघा. स्थिर विषयाला कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, बॉडीत असेल तर लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर दिसणारं थेट चित्र) चालू करा, चित्र दहा पट मोठं करा आणि रिंग फिरवा. इतका अचूक फोकस फिल्म एसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून साधणं कठीण होतं.

लेन्सवरच्या डेप्थच्या खुणा एपीएस-सीवर एक स्टॉप आशावादी ठरतात. एफ/८ लावलं असेल तर एफ/५.६ च्या खुणांमधलं अंतर धरा.

घरी आल्यावर

कार्ड रिकामं करण्याआधी फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा आणि तिसरी प्रत घराबाहेर कुठेतरी असू द्या. निगेटिव्हला ओरखडा पडला तरी ती उरायची. डिस्क गेली की सगळं एकदम जातं. फोल्डरला वर्ष-महिना-दिवस आणि विषय असं नाव द्या, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. ॲपर्चर-शटर वहीत लिहायची गरज नाही, फाइलमध्येच नोंदलेलं असतं. मॅन्युअल लेन्सचं ॲपर्चर मात्र बहुतेक वेळा नोंदलं जात नाही.

रॉ उघडायला कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, शिवाय डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन मोफत मिळतात. सुरुवातीला फक्त एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, हायलाइट आणि शॅडो एवढ्याच पट्ट्या वापरा. कॉन्ट्रास्टचा कागद निवडणं आणि एखादा भाग झाकून किंवा जास्त उजेड देऊन प्रिंट सुधारणं तुम्ही केलेलं असेल, तर इथली प्रत्येक पट्टी तुम्हाला ओळखीची आहे.

सेन्सरवरची धूळ

फिल्म दर फ्रेमला पुढे सरकायची, सेन्सर जागचा हलत नाही. एक कण बसला की प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग येतो. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करा आणि तोंड खाली धरा. डाग आहेत का बघायला एफ/१६ लावून, मुद्दाम फोकस घालवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. चित्रात डाग वर डावीकडे असेल तर समोरून आत बघताना कण सेन्सरच्या खाली डावीकडे असतो. बॅटरी पूर्ण भरा, मेनूतून आरसा उचलून ठेवायचा पर्याय निवडा आणि रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारा. डब्यातला दाबाखालचा वायू वापरू नका, त्यातला द्रव सेन्सरवर उडतो. तोंडाने तर फुंकर मुळीच नको.

जुन्या निगेटिव्हचं काय

तुमच्याकडे मॅक्रो लेन्स असेल तर याच कॅमेऱ्याने जुन्या निगेटिव्ह डिजिटल करता येतात. निगेटिव्ह एकसारख्या उजेडाच्या पांढऱ्या पॅनेलवर सपाट धरा, कॅमेरा ट्रायपॉडवरून अगदी समांतर खाली रोखा, मूळ आयएसओ, एफ/८, लाइव्ह व्ह्यूत कडेच्या दाण्यांवर फोकस आणि दोन सेकंदांचा टायमर. फुल फ्रेमला एकास एक मोठेपणा लागतो, एपीएस-सीला त्याच्या दोनतृतीयांश पुरतो. इथे फ्रेममधला सर्वांत उजळ भाग म्हणजे निगेटिव्हची कोरी कड, तेव्हा ती हिस्टोग्रामच्या उजव्या भिंतीला लागणार नाही एवढं एक्सपोजर द्या. रंगीत निगेटिव्ह असेल तर नारिंगी झाक काढण्यासाठी व्हाइट बॅलन्स याच कोऱ्या कडेवरून घ्या आणि चित्र उलटं करण्याचं काम त्यानंतर करा.